गल्लीतील पाहुणा

हौशी छायाचित्रकारांच्या गप्पा बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीपासून सुरू होतात. चित्र टिपण्याआधी काय घडले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

२०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मुंबईच्या नयन खानोलकर यांना मिळाले. चित्र आपल्या उपनगरातलेच : गोरेगावची आरे दुग्ध वसाहत, रात्रीची अरुंद गल्ली आणि तीतून चाललेला बिबट्या. लगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबटे भटक्या कुत्र्यांच्या शोधात येथे उतरतात.

खानोलकरांनी प्रथम तेथील वारली रहिवाशांना आपला हेतू पटवून दिला. मग गल्लीतील नेहमीच्या दिव्यांसारखाच उजेड पडेल अशा बेताने फ्लॅश लावले. बिबट्याने सारी चौकट व्यापू नये, वस्तीही दिसावी, अशा जागी कॅमेरा ठेवला. त्यानंतर प्रतीक्षा; मनाजोगे चित्र मिळेपर्यंत चार महिने लोटले.

मला महत्त्वाची वाटते ती पहिली पायरी. या परिसराने बिबट्याचे हल्लेही सोसले आहेत. तरीही वारली त्याला वाघोबा मानतात, घराच्या भिंतींवर रंगवतात. त्यांनी नकार दिला असता, तर हे चित्र निघालेच नसते.