वाचायचा हक्क निराळा, लिहायचा हक्क निराळा

आपला सातबारा आता संगणकात आहे. नाशिकच्या इंदिरानगरात बसून निफाडच्या शेताचा उतारा पाहता येतो. आपलाच नव्हे, कोणाचाही! मग मनात शंका येते : सगळेच उतारा पाहतात, तर कोणी त्यात आपले नाव घुसडले तर?

मंडळी, पाहणे निराळे आणि बदलणे निराळे. संगणकात या दोन्हींची परवानगी वेगवेगळी देतात.

सातबाऱ्याचेच पाहा. उतारा पाहायची मुभा सर्वांना. पिकाची नोंद २०२१ सालापासून शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. पण तेथे मालकाचे नाव त्याला बदलता येत नाही. जमीन विकली किंवा वारस लागला, तर फेरफार तलाठी लिहितात. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. मग मंडळ अधिकारी तपासून मंजुरी देतात. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा.

मोठ्या संगणकांवर यासाठी आकड्यांची एक सोपी रीत आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि फाइलीतले हुकूम चालवण्याचा १. माणसांचे वर्गही तीनच : मालक, त्याचा गट आणि बाकीचे सगळे. मालकाला वाचायचे व लिहायचे, म्हणून ४ आणि २ मिळून ६. गटाला फक्त वाचायचे, म्हणून ४. बाकीच्यांना काहीच नाही, म्हणून ०. झाला आकडा ६४०. कोणी ७७७ लिहिले, तर सर्वांना सर्व खुले. म्हणजे दप्तराची पेटी चावडीवर उघडी टाकल्यासारखेच की! म्हणून ज्याचे जेवढे काम, तेवढीच त्याला मुभा द्यावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. संगणक बहुधा माणूस ओळखत नाही, सांकेतिक शब्द ओळखतो. तो ज्याच्या हाती पडला, त्याच्या हाती तुमचे सारे हक्क गेले. म्हणून सांकेतिक शब्द किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नये. केंद्रावर काम असेल, तर आकडे आपल्याच हाताने टाकावेत.

आणि वाचायची मुभा तुम्हालाही आहे बरं का. आता वाचताही येतं. वर्षातून एकदा तरी आपला उतारा काढून नाव, गट नंबर, क्षेत्र तपासा. फेरफाराची नोटीस आली, तर ती फळीवर ठेवू नका. त्याच दिवशी वाचा. हरकतीला दिवस पंधराच असतात.