रेडिओ स्कॅनरच्या नोंद-फायली

रेडिओ स्कॅनरमध्ये भरावयाच्या कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या), त्यांची नावे व त्यांसंबंधीची इतर माहिती संगणकावर एकत्रित जतन करणाऱ्या फायलींना नोंद-फायली म्हणता येईल. स्कॅनर हा अनेक कंप्रता एकामागून एक झपाट्याने तपासणारा आणि जेथे संदेश आढळेल तेथे थांबणारा ग्राही (रेडिओ संदेश ग्रहण करणारे साधन) होय [⟶ रेडिओ ग्राही]. अग्निशामक दल, विमानतळ, बंदरे, रेल्वे, हवामान केंद्रे इत्यादींचे संदेश ऐकण्यासाठी तो विशेषतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तेथील अनेक श्रोते आपल्या परिसरातील कंप्रतांची माहिती वर्षानुवर्षे जमवितात. उपकरण जुने होते, बिघडते व बदलले जाते. जमविलेली माहिती मात्र पुढील उपकरणात नेता आली, तरच ते श्रम टिकतात. म्हणून अशा फायलींची निर्यात (दुसऱ्या रूपात बाहेर काढणे) व पुनर्वापर यांना महत्त्व आहे.

पूर्वेतिहास : प्रारंभीच्या स्कॅनरांत प्रत्येक कंप्रतेसाठी स्वतंत्र क्वॉर्ट्‌झ स्फटिक बसवावा लागे. त्यामुळे ऐकता येणाऱ्या कंप्रता मोजक्या असत व नवी कंप्रता हवी असल्यास नवा स्फटिक विकत घ्यावा लागे. १९७० नंतरच्या दशकात एकाच मंडलाच्या साहाय्याने हव्या त्या कंप्रता निर्माण करण्याची सोय झाली आणि कळफलकावरून अंक दाबून नोंदी भरता येऊ लागल्या. पुढे स्मृतीची धारणशक्ती शेकडो व नंतर हजारो नोंदींपर्यंत वाढली. एवढ्या नोंदी हाताने भरणे जिकिरीचे झाल्याने स्कॅनर संगणकाला तारेने जोडून आज्ञावलीच्या साहाय्याने भरण्याची पद्धत रूढ झाली.

१९९७ च्या सुमारास सामायिक मार्ग पद्धतीचा, म्हणजे ट्रंकिंगचा, माग ठेवणारे स्कॅनर बाजारात आले. या पद्धतीत थोड्या कंप्रता अनेक गट मिळून वापरतात. प्रत्येक संभाषणाच्या वेळी मोकळी कंप्रता कोणत्या गटास द्यावयाची, हे नियंत्रण मार्गावरून कळविले जाते. त्यामुळे अशा नोंदीत कंप्रतांबरोबर गटांचे क्रमांकही साठवावे लागतात व फायलींची रचना गुंतागुंतीची होते.

नोंदीचे घटक : साध्या नोंदीत नाव, कंप्रता, विरूपणाचा प्रकार, ध्वनिसंकेत व ती कंप्रता वगळावयाची की नाही याची खूण हे घटक असतात. उदा., सागरी वाहतुकीचा १६ क्रमांकाचा संकटकालीन मार्ग १५६.८०० मेगॅहर्ट्‌झ असून त्यावर कंप्रता विरूपण (एफएम) वापरतात, विमानांची १२१.५०० मेगॅहर्ट्‌झ ही आणीबाणीची कंप्रता परमप्रसर विरूपणाची (एएम) आहे. विरूपणाचा प्रकार चुकीचा भरल्यास कंप्रता बरोबर असूनही बोलणे नीट समजत नाही. एकाच कंप्रतेवरील निरनिराळ्या संस्थांचे संदेश वेगळे करण्यासाठी बोलण्याबरोबर एक मंद अखंड स्वर (सामान्यतः ६७ ते २५४.१ हर्ट्‌झ) अथवा तीन अंकी संकेत पाठविला जातो. तो नोंदीत चुकीचा असल्यास स्कॅनर संदेश आलेला असतानाही आवाज बंदच ठेवतो.

फायलींचे प्रकार : यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. (१) स्मृतीची हुबेहूब प्रत : ही त्या प्रतिमानाच्या (मॉडेलच्या) उपकरणापुरतीच उपयोगी असते. चर्प या हौशी रेडिओ संचांसाठीच्या आज्ञावलीची ‘.आयएमजी’ फाइल या प्रकारची होय. (२) विशिष्ट आज्ञावलीची स्वतःची फाइल : तिच्यात सर्व तपशील राहतात, परंतु ती सहसा दुसऱ्या आज्ञावलीस वाचता येत नाही. (३) साधी मजकूर फाइल : हिच्या प्रत्येक ओळीत एक नोंद असून घटक स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात. सीएसव्ही या नावाने ती ओळखली जाते. ती कोणत्याही संगणकावर वाचता येत असल्याने देवाणघेवाणीस व दीर्घकालीन जतनास सर्वांत सोयीची आहे. मात्र ट्रंकिंगची गट-उपगट रचना तीत सहजी मावत नाही.

स्थानांतर व त्यातील चुका : निर्यात केलेली फाइल दुसऱ्या आज्ञावलीत घेण्यापूर्वी स्तंभांचा क्रम, शीर्षके व एकके जुळवावी लागतात. तीच कंप्रता एका फायलीत १५४.५३० अशी मेगॅहर्ट्‌झमध्ये, तर दुसरीत १५४५३०००० अशी हर्ट्‌झमध्ये लिहिलेली असते. काही ठिकाणी ध्वनिसंकेताची प्रत्यक्ष कंप्रता न देता तिच्याऐवजी क्रमसंकेत दिलेला असतो; तो कंप्रता समजून उतरविल्यास नोंद निरुपयोगी होते.

एक्सेलसारख्या तक्ता-आज्ञावलीत फाइल उघडून जतन केल्याने विशेष घोटाळे होतात. तीन अंकी संकेत ०२३ असल्यास त्यातील आरंभीचे शून्य गळून २३ राहते. गटक्रमांक षोडशमान पद्धतीत (ज्यात ० ते ९ या अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरे वापरतात) लिहिलेला असल्यास धोका अधिक असतो. ‘१ई५’ हा गटक्रमांक तक्ता-आज्ञावली घातांकी संख्या समजून १,००,००० असा बदलते. मोटोरोला पद्धतीत याच गटाचा दशमान क्रमांक ७७६० असतो. म्हणून असे स्तंभ आधीच ‘मजकूर’ या प्रकारचे ठरवून मगच फाइल उघडावी.

या चुकांचे वैशिष्ट्य असे की, त्या स्वतःहून प्रकट होत नाहीत. चुकीची नोंद असलेला स्कॅनर बहुधा कोणतीही सूचना देत नाही. तो केवळ गप्प राहतो. वणव्याच्या वा वादळाच्या प्रसंगी संदेश नाही म्हणून संकट नाही, असा समज त्यामुळे होऊ शकतो.

मर्यादा : नव्या उपकरणाची क्षमता कमी असल्यास काही माहिती अपरिहार्यपणे गळते. उदा., युनिडेन कंपनीच्या बीसी१२५एटी या स्कॅनरात ५० नोंदींचे १० संच, म्हणजे एकूण ५०० नोंदी मावतात व ट्रंकिंगची सोय नाही. त्यामुळे मोठ्या स्कॅनरातील गटक्रमांक त्यात घेता येत नाहीत. लांब नावेही उपकरणाच्या मर्यादेनुसार तोडली जातात व दोन वेगळी ठाणी एकाच नावाने दिसू लागतात.

माहितीचे जुने होणे : फाइल बिनचूक उतरली, तरी तिच्यातील मजकूर कालबाह्य असू शकतो. अमेरिकेत २००४ मध्ये ८०० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्याची फेररचना करण्याचे ठरले. तीनुसार सार्वजनिक सुरक्षा सेवांच्या ८६६ ते ८६९ मेगॅहर्ट्‌झमधील प्रेषण-कंप्रता १५ मेगॅहर्ट्‌झने खाली, ८५१ ते ८५४ मेगॅहर्ट्‌झमध्ये, हलविण्यात आल्या. तसेच १ जानेवारी २०१३ पर्यंत १५०–१७४ व ४२१–४७० मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यांतील सेवांना २५ किलोहर्ट्‌झऐवजी १२.५ किलोहर्ट्‌झ रुंदीचे मार्ग स्वीकारावे लागले. या बदलांपूर्वीच्या फायलींतील काही नोंदी निरुपयोगी झाल्या, तर काहींत आवाज क्षीण येऊ लागला. अनेक सेवांनी संदेश सांकेतिक केल्याने त्यांच्या नोंदी बिनचूक असूनही काही ऐकू येत नाही.

जतन व तपासणी : मूळ फाइल व तिची साधी मजकूर प्रत अशा दोन्ही ठेवाव्यात आणि नावातच उपकरण व दिनांक नमूद करावा. स्कॅनरमध्ये नवी फाइल भरण्यापूर्वी त्यातील जुन्या नोंदी वाचून संगणकावर घ्याव्यात. कारण नवी भरण पुष्कळदा जुनी पुसून टाकते. भरल्यानंतर सतत चालू असणाऱ्या प्रेषणावर चाचणी घ्यावी. अमेरिकेत १६२.४०० ते १६२.५५० मेगॅहर्ट्‌झ या पल्ल्यातील हवामानाच्या सात मार्गांपैकी जवळच्या केंद्राचा मार्ग यासाठी उपयोगी पडतो. मात्र तो ऐकू आला म्हणजे इतर नोंदीही बरोबर आहेत, असे नव्हे. त्या मूळ फायलीशी एकेक ताडून पाहाव्या लागतात.

कायदेशीर बाजू : एप्रिल १९९४ नंतर अमेरिकेत निर्मिलेल्या वा आयात केलेल्या सामान्य स्कॅनरांवर ८०० मेगॅहर्ट्‌झमधील सेल्युलर दूरध्वनीच्या कंप्रता ग्रहण न करण्याचे बंधन आहे, जुन्या फायलींतील अशा नोंदी नवे उपकरण स्वीकारत नाही. भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी साधन बाळगण्यास मनाई केली व २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातही रेडिओ साधन बाळगण्यासाठी शासकीय अधिकारपत्राची तरतूद आहे. त्यामुळे येथे अशा फायलींचा रीतसर उपयोग मुख्यत्वे परवानाधारक हौशी रेडिओचालकांना आपल्या संचांतील नोंदी एका संचातून दुसऱ्यात नेण्यासाठी होतो.