ओठांचा नाद

लग्नाच्या वरातीत बँड वाजू लागला, की रस्त्यावरची मुले भोवती गोळा होतात. दिव्यांच्या उजेडात लखलखणारी ती पितळी वाद्ये आणि त्यांच्या रुंद मुखांतून निघणारा तो दणदणीत स्वर पाहून-ऐकून, आपल्यालाही असे वाद्य वाजवता यावे, असे अनेकांना वाटते. परंतु ते वाद्य प्रथम हाती येते, तेव्हा बहुधा निराशाच पदरी पडते. मुलगा गाल फुगवून सारा जीव एकवटून फुंकतो. आतून मात्र नुसता वारा बाहेर पडतो. असे का व्हावे?

याचे कारण असे, की या वाद्याचा नाद वाद्यात जन्म घेत नाही. तो वादकाच्या ओठांत जन्म घेतो. बासरीत फुंकर छिद्राच्या कडेवर आपटते आणि नाद निर्माण होतो. सनईत तोंडाशी बसवलेली पत्ती थरथरते. पितळी वाद्यात यांपैकी काहीच नसते. तेथे मिटलेल्या ओठांतून श्वास सोडला, की ओठच थरथरू लागतात आणि त्या थरथरीला वाद्याची नळी भरदार स्वराचे रूप देते. आपली तुतारी याच कुळातील आहे. इतकेच नव्हे, तर देवघरातील शंखही याच रीतीने वाजतो. शंख पितळेचा नाही, तरी तो या वाद्यांचा सख्खा भाऊ आहे. उलट सॅक्सोफोन पितळेचा असूनही या कुळातला नव्हे. कारण त्याचा नाद पत्तीतून उमटतो.

ट्रंपेटची वेटोळी नळी सरळ केली, तर ती सुमारे दीड मीटर लांब भरेल. तिच्यावर तीन झडपा असतात. झडप दाबली, की हवेची वाट लांबते आणि स्वर खाली उतरतो. पण एकही झडप न दाबता, केवळ ओठ कमी-अधिक ताणून, त्याच नळीतून अनेक स्वर काढता येतात. म्हणजे बोटे नळीची लांबी ठरवतात. तिच्यातून नेमका कोणता स्वर निघावा, हे ओठ ठरवतात.

म्हणूनच लहान मुलाला हे वाद्य देताना त्याच्या हौसेइतकाच त्याच्या दातांचाही विचार करावा लागतो. वाद्याच्या टोकाशी लहानशा पेल्यासारखा एक भाग असतो. त्याला माउथपीस म्हणतात. तो ओठांवर टेकवायचा असतो आणि ओठांना मागून पुढच्या दातांचा आधार लागतो. दुधाचे दात साधारणतः सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. वरचे पुढचे कायमचे दात यायला आठवे-नववे वर्ष उजाडते. ते दात नीट आले, की आरंभ करणे सोयीचे होते. वाद्यही अंगाला झेपणारे हवे. कॉर्नेट हे वाद्य ट्रंपेटचेच भावंड असले, तरी त्याची नळी अधिक आटोपशीर गुंडाळलेली असते. त्यामुळे त्याचा भार शरीराजवळ राहतो आणि लहान हातांना ते सावरता येते. ट्रोंबोनची सरकती नळी पुरती लांबवायला मात्र लहान मुलाचा हात पुरत नाही.

पहिले धडे अगदी साधे असतात. ओठ हलकेच मिटून भुंग्यासारखा गुंजारव करायचा. मग तोच गुंजारव नुसत्या माउथपीसमध्ये करायचा. तो साधला, म्हणजे वाद्य जोडून एकच स्वर शांतपणे, लांबवर धरायचा. या वेळी पाठ ताठ असावी, खांदे सैल असावेत आणि गाल फुगू देऊ नयेत. आरंभी दहा-पंधरा मिनिटांचा सराव पुरतो. मात्र तो रोज व्हावा. आणि जितका वेळ वाजवले, तितकाच विसावा ओठांना मिळावा.

या वाटेवर एक मोठा मोह असतो. उंच स्वर निघेना, की मुले माउथपीस ओठांवर दाबू लागतात. स्वर क्षणभर निघतोही. परंतु दाबामुळे ओठांतील रक्तप्रवाह अडतो, ते बधिर होतात आणि पुढे त्यांना इजाही होऊ शकते. उंच स्वर श्वासाच्या आधाराने आणि ओठांच्या कमावलेल्या बळाने काढायचा असतो, मनगटाच्या जोराने नव्हे.

अमेरिकेतील विख्यात वादक लुई आर्मस्ट्राँग याच्या चरित्रात या गोष्टी ठळकपणे दिसतात. त्याचा जन्म १९०१ साली न्यू ऑर्लिन्स शहरातील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. नववर्षाच्या स्वागताच्या धामधुमीत त्याने हवेत पिस्तूल झाडले. त्यामुळे १९१३ च्या आरंभी, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे पीटर डेव्हिस नावाचे संगीतशिक्षक होते. लुईचे डोळे कॉर्नेटवर लागले होते. पण डेव्हिस यांनी ते त्याला लगेच दिले नाही. आधी डफासारखे एक तालवाद्य, मग ढोल, मग आल्टो हॉर्न, त्यानंतर बिगुल आणि अखेरीस कॉर्नेट, असा क्रम त्याने आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. बिगुलाला झडपा नसतात. तेथे सारे काम ओठांनाच करावे लागते. हिरवट पडलेले ते बिगुल लुईने घासूनपुसून लख्ख केले, असेही तो सांगतो. पुढे तो त्या सुधारगृहाच्या बँडचा नायक झाला आणि कालांतराने जगाने त्याला थोर कलावंत म्हणून गौरविले.

परंतु त्याच्या वादनात दाब फार होता. उंच स्वरांचा त्याने इतका ध्यास घेतला, की ओठांना वारंवार जखमा झाल्या आणि १९३० नंतरच्या दशकात त्याला काही महिने वाद्य खाली ठेवणे भाग पडले. ‘सॅचमो’ हे त्याचे लाडके टोपणनाव. पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांच्या ओठांच्या स्नायूला होणाऱ्या एका दुखापतीला डॉक्टरांनी पुढे तेच नाव दिले.

वाद्याला पोचा पडला, तर कारागीर तो काढून देतो; ओठ मात्र बदलून मिळत नाहीत. म्हणून जाणता शिक्षक प्रथम ओठांना जपायला शिकवतो आणि मगच सूर मागतो. ज्या मुलाला एक स्वर सावकाश, स्वच्छ आणि न थकता धरता येतो, त्याच्यासाठी पुढच्या सुरांची वाट मोकळी झालेली असते.