शिपायाची बाजू कोणी मांडायची?

मागच्या व्याख्यानात आपण गिरण्यांमधल्या संघटनांविषयी बोललो होतो. तेव्हा एका श्रोत्यानं विचारलं होतं, की संप मोडायला ज्यांना पाठवतात त्या पोलिसांची संघटना का नसते? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधताना आम्हाला थेट लंडनला जावं लागलं, जॉन साइम नावाच्या एका इन्स्पेक्टरकडे.

साइम मूळचा स्कॉटलंडचा. १८९४ साली तो लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलात भरती झाला आणि खालून वर चढत इन्स्पेक्टर झाला. आता ही पायरी मोठी विचित्र असते बरं का. शिपायांच्या दृष्टीनं तो साहेब, आणि साहेबांच्या दृष्टीनं मात्र आपली शिस्त खाली पोचवणारा माणूस. १९०९ मध्ये त्याच्या हाताखालच्या दोन शिपायांवर वरिष्ठांनी ठपका ठेवला. साइमला तो अन्याय वाटला आणि त्यानं तसं लेखी कळवलं. एवढंच! पण वरिष्ठांनी त्याचा अर्थ असा लावला, की हा शिपायांशी फार सलगीनं वागतो. त्याची बदली झाली. त्यानं उलट वरिष्ठांवरच आरोप केले, तेव्हा त्याला खालच्या हुद्द्यावर उतरवलं. मी हे पार्लमेंटच्या सभासदांपुढे नेईन, असं तो म्हणाला आणि १९१० मध्ये बडतर्फ झाला. पंधरा वर्षांची नोकरी गेली, आणि पेन्शनही.

आता इथं जरा थांबू. साइम काही चळवळ्या म्हणून दलात आला नव्हता. ड्युटी कशी लावतात, ठपका कसा ठेवतात, शिपायाचं म्हणणं कागदावर येता येता कसं बदलतं, हे सगळं त्याला आतून माहीत होतं. बाहेरच्या पुढाऱ्याला ते समजावून सांगावं लागलं असतं. त्या काळातल्या पोलिसांचं जिणं पाहा: आठवड्याची सुटीसुद्धा इंग्लंडातल्या पोलिसांना १९१० च्या कायद्यानं मिळाली, आणि तीही लगेच सगळीकडे लागू झाली नाही.

साइमनं १९१३ मध्ये पोलिसांची संघटना काढली. पुढे तिच्यात तुरुंगाचे पहारेकरीही आले. उघडपणे सभासद होणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, त्यामुळे सगळा कारभार गुपचूप चाले. मग महायुद्ध आलं, महागाई भडकली, पगार तिथेच राहिले. ऑगस्ट १९१८ मध्ये थील नावाच्या एका शिपायाला संघटनेच्या कामापायी काढून टाकलं, आणि ३० ऑगस्टला लंडनचे हजारो पोलीस संपावर गेले. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी दुसऱ्याच दिवशी बोलणी केली. पगार वाढला, थील परत कामावर आला. मान्यतेचं मात्र असं सांगितलं, की युद्ध चालू असताना ती देता येणार नाही. संपवाल्यांनी याचा अर्थ ‘युद्धानंतर मिळेल’ असा घेतला. तिथेच गफलत झाली.

त्या संपानंतर कमिशनर सर एडवर्ड हेन्री यांनी राजीनामा दिला. साइम बडतर्फ झाला तेव्हाही हेच कमिशनर होते. हे गृहस्थ आधी बंगालमध्ये पोलीस महानिरीक्षक होते. बोटांच्या ठशांची पद्धत त्यांच्या नावानं चालते, पण तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं बरंच डोकं होतं. हाताखालच्यांचं श्रेय कसं विरून जातं, तो विषय वेगळा.

१९१९ मध्ये नवा कायदा आला. पोलिसांना युनियनमध्ये जायला बंदी, आणि तिच्याऐवजी सरकारनंच घडवलेलं पोलीस फेडरेशन. त्याविरुद्ध त्याच ऑगस्टमध्ये दुसरा संप झाला. त्यात दोन हजारांहून जास्त पोलीस, मुख्यतः लंडन आणि लिव्हरपूलचे, नोकरीला मुकले.

फेडरेशनमध्ये हुद्द्याप्रमाणे प्रतिनिधी होते, आणि तेही नोकरीत असलेलेच. पोलिसांचं हित आणि कार्यक्षमता यांबद्दल त्यांनी खुशाल बोलावं, पण एखाद्या माणसाच्या शिस्तीचा किंवा बढतीचा प्रश्न काढायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं. म्हणजे बघा, साइमनं ज्या दोन शिपायांसाठी सगळं गमावलं, नेमकी त्यांचीच बाजू या प्रतिनिधीला घेता येत नव्हती! ही अट पुढे काही दशकांनी सैल झाली.

आपल्याकडे काय? संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदानं संसदेला पोलिसांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येते. त्याखाली १९६६ चा कायदा झाला: सरकारच्या परवानगीशिवाय संघटना नाही. दिल्लीच्या पोलिसांची संघटना याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८६ साली हरली. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये, गिरणी संप चालू असतानाच, पोलीस संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक झाली, शिपाई रस्त्यावर उतरले आणि सैन्य बोलवावं लागलं. संपावरच्या गिरणगावात बंदोबस्ताला उभे राहिलेले पोलीसच आता संपावर होते. केरळात मात्र पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना चालू आहे, त्याच १९६६ च्या कायद्याखाली. म्हणजे अडचण निव्वळ कायद्याची नाही. परवानगी द्यायची की नाही, हे सरकार ठरवतं.

साइमचं पुढे काय झालं, हे राहिलंच. आपल्यावरच्या अन्यायाचा ध्यास त्यानं सोडला नाही. अनेकदा तुरुंगात गेला, तिथं उपोषणं केली, स्वतःच काढलेल्या संघटनेशीही त्याचं बिनसलं. अशा माणसाबरोबर काम करणं सोपं नसणार, हे आम्हीही मान्य करतो. अखेर १९३१ साली, बडतर्फीनंतर एकवीस वर्षांनी, सरकारनं त्याला पेन्शन मंजूर केलं.