पिल्लू रात्री का रडते?

वस्तीतल्या एका खोलीच्या घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिल्या दोन-तीन रात्री कुणालाच झोप नसते. शेजारी भिंत ठोकतात, मग वैतागून कुणीतरी पिल्लाला दाराबाहेर बांधते. तसे करू नका, असे आम्ही सांगतो. ते हट्टाने रडत नाही. आईची, भावंडांची ऊब एकाएकी तुटलेली असते. दोन महिन्यांच्या आत तर त्याला आईपासून तोडूच नये.

खोक्यात जुने लुगडे अंथरून खोके आपल्या अंथरुणाशेजारी ठेवा. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली की पिल्लू तिला बिलगते. झोपण्याआधी त्याला शी-शूसाठी बाहेर न्या. मध्यरात्रीही कुणाला तरी एकदा उठावे लागेलच. रडले तर हात फिरवा, मारू नका. पहिले शील मुक्या जिवालाही लागू आहे.

मुलांच्या अंथरुणात मात्र घेऊ नका. दात लागला, ओरखडा आला तर हळद-चुना भरू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. हा रोग एकदा उमटला की माणूस वाचणे जवळपास अशक्य. पिल्लू ३ महिन्यांचे झाले की जनावरांच्या दवाखान्यात त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या.