समुद्रांतील चवरी आणि वऱ्हाडांतील उन्हाळा

देवावर ढाळावयाची एक लहानशी चवरी आमच्या देव्हाऱ्यांत आहे. दिवाळीच्या सुटींत नातवानें मुंबईहून पाण्याच्या पिशवींत घालून जो प्राणी आणला, तो पाहून घरांतील मंडळींस प्रथम तिचीच आठवण झाली. बोटाएवढी चिखलाची नळी, आणि तिच्या तोंडाशीं डोलणारा तपकिरी-पांढऱ्या पिसांचा झुबका! इंग्रजींत यास पिसांच्या झाडणीचें नांव दिलें आहे. आपण त्यास 'चामरकृमि' म्हणूं.

अमरकोशांत ज्यास 'गण्डूपद' म्हटलें आहे, त्या आपल्या गांडुळाचाच हा समुद्रांतील सोयरा. कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर असे नळींत राहणारे कृमि आढळतात. याचीं पिसें केवळ शोभेचीं नव्हत. त्यांनींच तो श्वास घेतो आणि त्यांनींच जेवतो. पिसांवरील अतिसूक्ष्म केस सतत हालत असतात. त्या हालचालीनें पाणी ओढलें जाऊन त्यांतील कण तोंडाकडे येतात. तेथें त्यांची निवड होते. बारीक कण पोटांत जातात, मध्यम कण चिकट स्रावांत कालवून नळीच्या बांधकामास लागतात, आणि मोठे टाकून दिले जातात. सुपांत धान्य पाखडणाऱ्या गृहिणीस हें काम निराळें समजावून सांगावयास नको! वर सावली पडतांच हा सारा पिसारा क्षणार्धांत नळींत नाहींसा होतो.

समुद्रजीव कांचेच्या टाकींत पाळण्याची हौस तशी जुनी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यालय उघडलें. मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं झालें. पण मुंबईस समुद्र दाराशीं आहे. परतवाडा सातपुड्याच्या पायथ्याशीं! येथें समुद्र घरींच तयार करावा लागतो.

कोणी म्हणेल, खारें पाणी वऱ्हाडांत थोडें का आहे? पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा आहे, पलीकडे लोणारचें सरोवर आहे. परंतु खारेपणा आणि समुद्र या दोन गोष्टी एक नव्हत. लोणारचें पाणी अत्यंत अल्कधर्मी आहे. खारपाणांतील क्षारांचें प्रमाणहि सागराचें नव्हे. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मीठ मुख्य खरें, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचेंहि ठराविक प्रमाण असतें. म्हणून स्वयंपाकघरांतील मीठ उपयोगी नाहीं; याच कामासाठीं मिळणारें संमिश्र लवण शुद्ध केलेल्या पाण्यांत विरघळवावें लागतें.

हें सर्व आम्हीं केलें, आणि तरीहि चैत्रांत माझ्या हातून चूक झाली. ऊन वाढलें, तसें टाकींतील पाणी तापूं लागलें. हा प्राणी २४ ते २७ अंशांत सुखी असतो. म्हणून मीं टाकीवर पंखा लावला. पाणी थंड झालें, पण भराभर आटूं लागलें. आटलें तेवढें खारें पाणी मी रोज भरीत गेलों. एके सकाळीं पिसारा गळून तळाशीं पडलेला दिसला. नातू डोळे पुसूं लागला. नळी उचलून परसांत टाकावी, असेंच मला वाटलें.

तेव्हां धाकट्या सूनबाईंनीं शांतपणें विचारलें, "मामंजी, आटलें तें पाणी. मीठ कुठें आटलें?"

आयुष्यभर मुलांस शिकविलें, आणि हा साधा हिशेब मला सुचूं नये! आमची टाकी ८० लिटरांची. तींत क्षार २,८०० ग्रॅम. आठ लिटर पाणी आटलें तरी क्षार तेवढेच राहतात. त्यांत आठ लिटर खारें पाणी घातलें कीं २८० ग्रॅमांची भर पडून लिटरामागें ३५ चे ३८॥ होतात; आणि असें मी अनेकदां केलें होतें. आटलेल्या पाण्याची भरपाई नेहमीं गोड्या, शुद्ध पाण्यानेंच करावयाची असते.

मात्र पिसारा गळणें म्हणजे मरण नव्हे. संकट आलें कीं हा प्राणी पिसारा टाकून देतो आणि परिस्थिति सुधारल्यास तो पुन्हां उगवतो. आम्हीं क्षार एकदम न उतरवितां हळूहळू उतरविले, नळीस हात लावला नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत नळीच्या तोंडाशीं कोवळीं पिसें दिसलीं. त्या दिवशीं घरांत गोड झालें.

ज्यांस ही हौस करावयाची असेल त्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. टाकी कांहीं आठवडे चालवून, अमोनिया पूर्ण नाहींसा झाल्यावरच प्राणी आणावा. तांब्याच्या हंड्यांतलें पाणी किंवा तांबेयुक्त मत्स्यौषध टाकींत पडूं देऊं नये. तें या प्राण्यास विष आहे. सूक्ष्म शेवाळाचें खाद्य आठवड्यांतून दोन-तीन वेळां थेंबाथेंबानें द्यावें. उपासमारीनें हा प्राणी हळूहळू झिजतो, आणि अति दिल्यास पाणी नासतें. वीज गेल्यास हवा पुरविण्याची सोय असावी. प्रवाळास चिकटलेला प्राणी मात्र घेऊं नये. प्रवाळास आपल्या देशांत कायद्याचें संरक्षण आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचें: सर्व मंडळी लग्नाला निघालीं असतां टाकीपाशीं कोण राहणार, हें आधीं ठरवावें. त्याचें उत्तर नसेल, तर या मुक्या जिवास त्याच्या समुद्रांतच राहूं द्यावें. नातवानें आतां टाकीवर एक कागद चिकटविला आहे. त्यावर एवढेंच लिहिलें आहे: "आजोबा, गोडें पाणी."