बत्तीस मिलिमीटरचा माणूस: बोर्डगेमच्या मिनी रंगवताना नक्की काय रंगवायचं?

लोकलमध्ये इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना मी बराच भरकटलो होतो, त्यातलं थोडं कापलंय. सगळं नाही.

झोंबीसाइड किंवा ब्लड रेजसारखा खेळ घेतला की खोक्यातून डझनावारी छोट्या प्लास्टिकच्या मूर्ती निघतात. यांना मिनिएचर म्हणतात, लाडाने मिनी. बहुतेक वेळा त्या एकरंगी येतात आणि बहुतेक घरांत तशाच राहतात. का रंगवत नाही असं विचारलं की दोन उत्तरं मिळतात. एक, "एवढा महागाचा खेळ, खराब झाला तर?" दुसरं, "आपली एलिमेंटरीसुद्धा झाली नाही, हे कुठलं जमायला!"

पहिल्या भीतीवर इलाज सोपा आहे. अ‍ॅक्रिलिक रंग नाही आवडला तर मूर्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची, रंग सुटतो. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र नको, त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लास्टिकचीच वाट लागते. थोडक्यात काय, रोलबॅक उपलब्ध आहे. दुसऱ्या भीतीसाठी मात्र जरा बसून बोलावं लागेल.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी भागाकार केला. खेळातली माणसाची मिनी साधारण ३२ मिलिमीटर उंच असते. खरा माणूस धरा १७० सेंटिमीटर. म्हणजे खरा माणूस मिनीच्या सुमारे ५३ पट. हा ५३ आकडा लक्षात ठेवा, कारण या छंदातले जवळजवळ सगळे नियम त्यातून निघतात.

खेळताना मिनी तुमच्या डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असते. त्याला ५३ ने गुणा, ३२ मीटर येतात. म्हणजे टेबलावरचा तो योद्धा तुम्हाला ३२ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसतो. आता सोसायटीच्या गेटपाशी, एवढ्याच अंतरावर उभा असलेला माणूस आठवा. त्याच्या शर्टाच्या चुण्या दिसतात? भर उन्हात कदाचित, कारण एका बाजूने कडक प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला गडद सावली. आपल्या हॉलमधल्या ट्यूबलाइटचा प्रकाश मात्र चहूकडून येतो, भिंतींवरून, छतावरून उसळून. मूर्तीच्या घडीत सावली पडते, पण इतकी बारीक आणि पुसट की डोळा ती पकडत नाही. म्हणून अंगरखा नुसता लाल रंगवला तर तो लाल डाग दिसतो, अंगरखा दिसत नाही.

नाटकवाल्यांना ही अडचण ठाऊक आहे. रंगभूषाकार नटाच्या गालाखाली गडद छटा आणि नाकाच्या दांड्यावर उजळ रेघ का ओढतो? बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेसाठी. जवळून तो चेहरा भडक वाटतो. मिनीवर आपण तेच करतो. रंग ही दुय्यम गोष्ट आहे, खरं काम उजेड आणि सावली रंगवण्याचं. आणि त्याला चित्रकलेच्या परीक्षेपेक्षा थोडं भौतिकशास्त्र जास्त उपयोगी पडतं.

आता कृती. आधी मिनी भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं द्रव्य अंगावर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. तलवारी वाकड्या झाल्या असतील तर गरम पाण्यात बुडवा, सरळ करा, लगेच गार पाण्यात टाका. साच्याच्या जोडाची रेघ कटरच्या पाठीने खरवडा. कंटाळवाणं काम आहे, पण ती रेघ पुढे रंगात उठून दिसते.

मग प्रायमर. आधी सगळीकडे काळा मारायचा, आणि तो वाळला की पांढरा फक्त वरच्या बाजूने, तिरका. सूर्य वरून येतो ना, तसा. जिथे पांढरा पोचला तिथे उजेड, जिथे नाही तिथे सावली. याला झेनिथल म्हणतात. यावर पातळ, पारदर्शक रंग लावला की खालची छटा वर डोकावते. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने काँट्रास्ट नावाचे रंग आणले, ते याच तत्त्वाला बाटलीत भरून. वॉरहॅमरवाल्या या ब्रिटिश कंपनीचे रंग चांगले आहेत, पण पहिल्या मिनीसाठी एवढा खर्च करायची गरज नाही असं माझं मत.

रंग पातळ करा हे प्रत्येक व्हिडिओत ऐकाल. कारण पुन्हा ५३. ब्रशने ०.१ मिलिमीटरचा थर दिलात तर खऱ्या माणसाच्या मापात तो ५ मिलिमीटरचा गिलावा झाला! नाक, ओठ, बोटं सगळं बुजणार. दुधाएवढा पातळ रंग, दोन हात, मध्ये वाळू द्यायचा. अ‍ॅक्रिलिक वाळतो तो पाणी उडून जाऊन, आणि एकदा वाळला की पाण्याने परत ओला होत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये पॅलेटवरचा थेंब बघता बघता मरतो. त्यावर तोडगा म्हणून डब्यात ओला टिश्यू, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. खालचं पाणी कागदातून झिरपत राहतं. याला वेट पॅलेट म्हणतात आणि विकतही मिळतं, पण मिठाईच्या डब्यात छान जमतं.

आता माझा लाडका टप्पा, वॉश. वॉश म्हणजे खूप पातळ केलेला गडद तपकिरी किंवा काळा रंग. संपूर्ण मूर्तीवर फासायचा. मूर्ती ५३ पट लहान झाली तरी पाण्याचं पृष्ठताण काही लहान होत नाही, म्हणून तो द्रव उंचवट्यांवरून ओढला जाऊन आपोआप खाचांमध्ये जमतो. सावली नेमकी जिथे हवी तिथे, आणि तुमच्या हाताला काहीच कौशल्य लागलेलं नाही. घरी करायचा तर तपकिरी अ‍ॅक्रिलिक, मॅट मीडियम, पाणी आणि साबणाचा अगदी एक थेंब. डबकं साचलं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या.

याच्या उलट ड्रायब्रश. उजळ रंग ब्रशवर घ्या, टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून टाका, आणि मूर्तीवरून हलकेच फिरवा. उरलेला रंग फक्त कडांना लागतो. केस, दगड, चिलखत, लोकर यांच्यावर जादू होते. गुळगुळीत झग्यावर मात्र खडूसारखं खरबरीत दिसतं, तिथे नको.

हात थरथरतो? सगळ्यांचाच थरथरतो. मिनी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीवर डबल टेपने चिकटवा, दोन्ही कोपर टेबलावर आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवा. दोन्ही हात एकत्र हलले की ब्रश आणि मूर्तीतलं अंतर बदलत नाही.

डोळ्यांवर लोक सगळ्यात जास्त रडतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात कसबी हाताकडे असते, आणि ते बरोबरच आहे, कारण आपण मूर्तीसमोर हात जोडून उभे राहतो ते तिच्या डोळ्यांत बघत. पण ३२ मीटरवरच्या माणसाच्या डोळ्यातलं पांढरं तुम्हाला दिसतं का? नाही. खोबणीत गडद वॉश सोडा आणि पुढे चला. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठवा, डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. उभ्याने बघताना ते कुणालाही खटकले नाहीत.

ब्रशबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. भारतात बारीक टोकाचे नैसर्गिक केसांचे बरेच ब्रश मुंगसाच्या केसांचे असतात. हा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाची देशभर कारवाई केली ती याच ब्रशांवर. कुठले केस आहेत हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर तो ब्रश घेऊ नका. सिंथेटिक घ्या. त्याचं टोक काही महिन्यांत वाकतं, चालेल, वाकलेला ड्रायब्रशला लागतो. आणि शून्य-शून्य-शून्य नंबरच्या मागे लागू नका. इतक्या छोट्या ब्रशवर रंग मूर्तीपर्यंत पोचायच्या आत वाळतो. चांगल्या टोकाचा एक नंबर पुरतो.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत स्प्रे कॅन जपून. हवेत दमट असेल तर प्रायमर दाणेदार बसू शकतो आणि मॅट वार्निश पांढुरकं धुकट होतं. त्या दिवसांत दोन्ही गोष्टी ब्रशने लावायच्या मिळतात, त्या वापरा. शिवाय मऊ पीव्हीसीच्या मिनींवर काही स्प्रे कायमचे चिकट राहतात, म्हणून आधी तळपायाखाली थोडा मारून बघा.

सुरुवात नायकापासून करू नका. झोंबी घ्या, कारण सडलेल्या माणसावर डाग पडला तर तो शोभूनच दिसतो. एकावेळी पाच, सगळ्यांना एकच रंग, मग पुढचा. पाचवा संपेपर्यंत पहिला वाळलेला असतो. शेवटी वार्निश नक्की द्या, खेळताना या मूर्तींना फरसाणाचे हात लागणारच आहेत. आणि वार्निशला एक पूर्ण दिवस वाळू द्या, मगच खोक्यात.